दुसरं वाक्य

वऱ्हाडात माणूस मेला की त्याला दोनदा निरोप द्यावा लागतो, एकदा लाकडांनी आणि एकदा भाषणांनी. चिता नीट पेटली की मंडळी टिनाच्या शेडखाली जमतात, कोणीतरी "चला, शोकसभा घेऊन घेऊ" म्हणतो, आणि मग सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष, दूरचा साडू असे एकेक उठून मेलेल्या माणसाला जिवंतपणी कधी न मिळालेले गुण वाटून देतात. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि आपापल्या चपला शोधायच्या. या सभेत शेवटी कोण बोललं, यावर मयताची इभ्रत ठरते. वरूड आणि आसपासच्या खेड्यांत हा शेवटचा मान मोरेश्वर हिवरखेडकर यांचा होता.

त्यांना सगळे पंत सर म्हणत. वरूडच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर मराठी शिकवलं, पण नाव झालं ते वक्तृत्वाच्या पोरांमुळे. अमरावती, अकोला, कुठंही स्पर्धा असो, ढाल पंत सरांची पोरं घेऊन येणार हे ठरलेलं. त्यांचं शास्त्र साधं होतं. दुसऱ्याला पटवायचं कसं याबद्दल ग्रीक लोकांनी तीन गोष्टी सांगून ठेवल्यात, त्या त्यांनी कॉलेजात एका प्राध्यापकांकडून ऐकल्या आणि घरच्या भाषेत आणल्या: माणूस, मुद्दा, मन. आधी बोलणारा माणूस विश्वासाचा पाहिजे. मग मुद्दा पाहिजे, ठोकून पाहिला तरी न हलणारा. आणि मग ऐकणाऱ्याच्या मनाला हात घालायचा. "तिन्हींत पहिला मोठा," सर पोरांना सांगत. "माणूसच खोटा निघाला की बाकीचे दोन पाण्यात गेले."

पोरगं भाषण करून खाली आलं की ते पाठ थोपटत नसत. फारच आवडलं तर म्हणत, "पॉज चांगला घेतला." एवढं ऐकायला मिळावं म्हणून पोरं आरशासमोर घसा कोरडा करायची.

अशा बोलक्या माणसाच्या घरात, आतल्या खोलीतल्या पलंगाखाली, एक निळी चाकांची बॅग होती, आणि तिच्याबद्दल ते सहा वर्षांत कोणाशी चकार शब्द बोलले नव्हते.

बॅग लोणधरीच्या खुशालरावांनी ठेवायला दिली होती. लोणधरी वरूडला लागूनच, आणि खुशालरावांचा संत्र्यांचा बगीचा गावात पाहण्यासारखा. त्यांची एकुलती एक मुलगी रागिणी ही पंत सरांची आजवरची सगळ्यात तयार विद्यार्थिनी. वादविवादात समोरच्याला ती असं काही पकडायची की परीक्षक पेन खाली ठेवून ऐकत बसायचे. हिनं वकील व्हावं, हे सरांनीच तिच्या डोक्यात घातलं. बी.ए. झाल्यावर पुण्याच्या लॉ कॉलेजात तिचा नंबर लागला, आणि जायला आठवडा उरला असताना खुशालराव भर दुपारी सरांच्या दारात उभे राहिले, हातात ही नवी कोरी बॅग घेऊन.

"अमरावतीहून, जवाहर गेटवरून आणली," ते म्हणाले. "घरी नेली तं पोट्टीले दिसन. तुमच्यापाशी राहू द्या. जायच्या दिवशी स्टँडवर घेऊन येजा. तिचं तोंड पाह्यचं हाये मले."

चहा होईपर्यंत त्यांनी बॅग फरशीवर इकडून तिकडे फिरवून चाकं तपासली. मग खांद्यावरच्या दुपट्ट्याची लाल काठाची एक चिंधी टरकन फाडली आणि बॅगच्या मुठीला बांधली. पुण्याच्या गाडीत सगळ्यांच्या बॅगा सारख्याच दिसतात, यावरून तिला ओळखू येईल, असं त्यांचं म्हणणं.

"पोरगी वकील झाल्यावर बगीचा कोण पाहील?" सरांनी सहज विचारलं.

खुशालराव हसले. "बगीचा माह्या जिवापर्यंत. तिच्या गळ्यात नाई बांधायचा मले. तिनं काळा कोट घालावा, आन मी कोर्टात मागच्या बाकावर बसून झोपा काढाव्या."

त्याच आठवड्यात बगीच्यात पाणी फिरवता फिरवता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत.

अग्नी रागिणीनं दिला. खुशालरावांचे धाकटे भाऊ गजेंद्रराव यांना ते बिलकूल रुचलं नव्हतं. घरात आपला मुलगा शिवम असताना पोरीनं मडकं धरावं, हे त्यांनी स्मशानाच्या वाटेवर दोघातिघांना ऐकवलंही होतं. शोकसभा सुरू झाली तरी कुजबुज थांबेना. सोसायटीच्या अध्यक्षांनी तर मयताचं नावच चुकवलं. ती पोरगी जळत्या चितेपुढं एकटी उभी होती आणि मागं लोक तिचाच न्याय करत होते. पंत सरांना हे सहन झालं नाही. ते उठले ते तिची बाजू घ्यायलाच उठले, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं.

"याच आठवड्यात खुशालराव माझ्या घरी बसले होते," त्यांनी सुरुवात केली. आधी माणूस. "त्यांना मुलगा नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी नीट ऐकावं. ते मला म्हणाले, सर, माझी रागिणी हाच माझा मुलगा."

कुजबुज बंद झाली. गजेंद्ररावांची मान खाली गेली. हे वाक्य काही खुशालराव बोलले नव्हते, पण कोणी विचारलं असतं तर नक्की बोलले असते. सरांनी इथं थांबायला हवं होतं. पण सगळं गाव श्वास धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होतं, आणि तो क्षण सोडून खाली बसणं त्यांना जमलं नाही. त्यांनी पॉज घेतला. चितेचा तडतडाट लोकांना ऐकू दिला. आणि मग आवाज उतरवून म्हणाले, "आणि म्हणाले, सर, मी गेलो तरी माझी पोरगी ही माती सोडणार नाही."

पहिलं वाक्य रागिणीसाठी होतं. दुसरं सरांनी स्वतःसाठी घेतलं.

रागिणीनं चितेकडे पाहून हात जोडले. "नाई सोडत, बाबा," ती म्हणाली. फार मोठ्यानं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. टगे म्हणवणारे बाप्येसुद्धा दुपट्ट्यानं डोळे पुसू लागले. परतताना माणसं सरांचे हात हातात घेत होती. "सर, आज तुमी रडवलं." आणि सर खूश होते. पुढं त्यांना सगळ्यात जास्त बोचलं ते हेच, की मित्राच्या मयतीवरून घरी येईपर्यंत ते मनातून खूश होते. आंघोळ करून आतल्या खोलीत गेले आणि पलंगाशी ती निळी बॅग दिसली, तेव्हा आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

तेरवी झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. तेरवीच्या आधीच रागिणीनं पुण्याच्या कॉलेजला 'येत नाही' असं कळवून टाकलं होतं. मग वाटलं, थोडं दुःख ओसरू दे. मग वाटलं, आता ती कामाला लागली, आता सांगून काय हशील. असं करत करत बॅग पलंगाखाली भिंतीपर्यंत सरकली. रागिणीनं बगीचा बापापेक्षा चांगला केला. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचा टेका द्यायलाही ती गडी न लावता स्वतः जायची. बोलणं मात्र तिनं सोडून दिलं. एकदा अमरावतीच्या एका स्पर्धेत सर परीक्षक असताना कोणाची तरी चिमुरडी उभी राहिली आणि लोणधरीच्या रागिणीताईचं उदाहरण देत, हात पसरून, सरांचंच वाक्य बोलली: माझी पोरगी ही माती सोडणार नाही. टाळ्यांनी हॉल दणाणला. सरांना तिला पहिला नंबर द्यावा लागला.

या उन्हाळ्यात दुर्गाबाई आल्या. खुशालरावांची बायको, सहसा घराबाहेर न पडणारी. त्या आत येऊन त्याच पलंगावर टेकल्या.

"सर, लॉले जायची परीक्षा हाये म्हणतात. आता बी देता येते. अकोल्याले माही बहीण हाये, बेबी. दोघी मायलेकी तेथी राहू, बगीचा मक्त्यानं देऊ. पण पोट्टी आयकत नाई. म्हणते, बाबाचा शब्द हाये." त्यांनी पदर डोळ्याला लावला. "रात्रंदिवस घुम्यासारखी राह्यते. तुमचं आयकन. तुमी समजवा."

त्यांच्या टाचांमागं, पलंगाखाली, ती बॅग होती. सरांनी "हो" म्हटलं, कारण दुसरं काही म्हणण्याची सोय नव्हती.

त्या गेल्यावर सरांच्या पत्नी रमाबाई कप उचलायला आल्या. "ती बॅग कोणाची आहे ते मला माहीत आहे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी विचारलं नाही कधी. विचारलं असतं तर तुम्ही काहीतरी सांगितलं असतं, आणि ते मला पटलं असतं."

दुसऱ्या दिवशी सर स्कूटर काढून बगीच्यात गेले. बॅग घेतली नाही. त्यांना अजून आशा होती की शब्दांनी केलेलं शब्दांनीच निस्तरता येईल. रागिणी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून सुतळी गुंडाळत होती.

"आईनं पाठवलं ना, सर? बसा. बोला, आयकते."

सर बोलले. आपण तिला लहानपणापासून ओळखतो इथून सुरुवात केली, मग अकोल्याचं कॉलेज, तीन वर्षांचा कोर्स, बगीचा मक्त्यानं दिल्यास काही बिघडत नाही हे सगळं क्रमानं मांडलं, आणि शेवटी तिच्या आईच्या एकटेपणावर आले. आवाज जिथं भरायचा तिथं भरला. रागिणी परीक्षकासारखी मान किंचित तिरपी करून ऐकत होती.

"तिन्ही आले, सर," ती म्हणाली. "मुद्दा बी चांगला हाये. पण बाबा तुमच्यापाशी जे बोलले, त्याच्यापुढं हे हलकं पडते. दुसऱ्या कोणी सांगतलं असतं तं मी मानलंच नसतं. तुमी सांगतलं म्हणून मानलं."

सरांनी स्कूटरला किक मारली. परतीच्या रस्त्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला मोकळं मोकळं वाटतंय. प्रयत्न केला, ती ऐकत नाही, आपण काय करणार? या मोकळेपणाची त्यांना इतकी किळस आली की घरी आल्यावर त्यांनी पाण्याचा पेलासुद्धा परत केला.

रमाबाईंनी बॅग बाहेर काढून पुसून ठेवली होती. "तिला आता भाषण देऊ नका," त्या म्हणाल्या. "ही द्या."

सर तसेच उलटपावली फिरले. बगीच्याच्या फाटकाशी स्कूटर लावून, बॅग तिथंच ठेवून, ते धुऱ्यापर्यंत चालत गेले. उभ्या उभ्याच बोलले.

"रागिणी, माती सोडणार नाही असं तुझे बाबा म्हणाले नव्हते. ते मी बनवलं."

तिनं वर पाहिलं आणि कोरडं हसली. "आईसाठी तुमी खोटं बी बोलून राहिले का आता? सर, तुमीच शिकवलं आमाले, बोलणारा कोणाच्या बाजूनं आला ते आधी पाहा. तुमी आईच्या बाजूनं आले."

त्या दिवशी सर खोटं बोलले तर साऱ्या गावानं डोक्यावर घेतलं, आणि आज खरं सांगायला आले तर ती एक युक्ती ठरली. तिचं चुकलंही नव्हतं. त्यांनी आणखी काही पटवायचा प्रयत्न केला नाही. फाटकाशी गेले, बॅग घेऊन आले. काळ्या मातीत चाकं चालेनात, म्हणून उचलून आणली आणि तिच्यापुढं ठेवली.

रागिणीची नजर मुठीवर गेली. लाल काठाची चिंधी, दोन वेढे आणि त्यावर आडवी ओढलेली गाठ. खुशालराव बांबूला फांदी बांधायचे ती हीच गाठ, आणि आज तिच्यामागच्या प्रत्येक टेक्यावर तिच्या हातची तीच होती. तिनं गाठीवर बोट फिरवलं. सोडली नाही.

"कवा देल्ली?"

"तू जायच्या आठवड्यात. स्टँडवर तुला द्यायची होती."

"काय म्हटलं होतं त्याईनं? जसंच्या तसं सांगा."

सरांनी जसंच्या तसं सांगितलं. बगीचा माह्या जिवापर्यंत, तिच्या गळ्यात नाई बांधायचा, काळा कोट, मागचा बाक. झोपा काढायचं ऐकून ती एकदम हसली, अगदी खुशालराव हसायचे तशी, आणि लगेच तिचा चेहरा उतरला.

"सहा वर्षं तुमच्याच घरी होती?"

"हो."

"काहून, सर?"

सवयीनं सरांच्या मनात तीन कारणं तयार झाली, एकापेक्षा एक चांगली. त्यांनी ती तशीच राहू दिली. "लोक मला चांगलं म्हणत होते," ते म्हणाले. "तेवढं सोडवलं नाही."

रागिणी ओरडली नाही. ओरडली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"मी रोज सकाळी बाबाशी भांडत होती, सर," ती म्हणाली. "या झाडाइत येऊन. म्हणत होती, काहून हो बाबा, मले बांधून ठेवलं? मेल्या माणसाले बोल लावत होती. लोकाईसमोर शाबासकी घेत होती आन इथं बापाचा राग करत होती. आन त्याईनं तं बॅग घेऊन ठेवली होती."

सर खाली बसले. पुण्याचं कॉलेज गेलं, हे त्यांना माहीत होतं. आपण खुशालरावांना त्यांच्या लेकीच्या मनातूनही घालवलं, हे आज कळलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण त्या तोंडावर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता.

रागिणी उठली. "परीक्षा देते मी. पण मी गेली का गजूकाका म्हणन, बापाचा शब्द मोडला. ते तुमी बंद करा. जेथी बोलले तेथीच बोला, तितक्याच लोकाईपुढं."

म्हणजे कोणीतरी मरायची वाट पाहणं आलं. लोणधरीहून फोन आला की सर आधी कोण गेलं ते विचारायचे, आणि कोणाचं बरंवाईट नाही असं कळलं की सुटल्यासारखं व्हायचं, आणि त्या सुटल्यासारखं वाटण्याचीही लाज वाटायची. मधल्या काळात रागिणी परीक्षा पास झाली, मायलेकी अकोल्याला गेल्या, आणि गजेंद्ररावांनी पारावर बसून जे म्हणायचं ते म्हणून घेतलं. मग दिवाळीच्या सुमाराला गोदाबाई गेल्या. खुशालराव आणि गजेंद्ररावांची म्हातारी काकू. पिकलं पान होतं. सगळा गोतावळा जमला, अकोल्याहून दुर्गाबाई आणि रागिणीही आल्या.

शेवटी पंत सरांना उठवलं. गोदाबाईंबद्दल त्यांनी मोजकं, खरं तेवढं सांगितलं. पुढचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं: सजवायचं नाही, मनाला हात घालायचा नाही, दोन ओळींत सांगून बसायचं.

"याच जागी मी खुशालरावांच्या नावावर खोटं बोललो होतो," ते म्हणाले. "पोरगी माती सोडणार नाही, असं ते कधीच म्हणाले नव्हते. तिनं वकील व्हावं हीच त्यांची इच्छा होती, तिच्यासाठी त्यांनी बॅगसुद्धा घेतली होती. तिनं बापाचा शब्द मोडला नाही. शब्द माझा होता."

मग ते थांबले. खरोखर बोलवेना म्हणून थांबले, की इतक्या वर्षांच्या सवयीनं थांबले, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. चितेचा तडतडाट ऐकू येत होता. शेडखाली कोणी हलत नव्हतं. "मला माफी नको," एवढं कसंबसं म्हणून ते खाली बसले.

आणि माणसं रडू लागली. मागं बाया पदर लावून मुसमुसत होत्या. गजेंद्रराव गर्दीतून वाट काढत आले आणि भरल्या डोळ्यांनी सरांच्या पायांना हात लावला. "आमचं चुकलं, पोट्टीले नाई नाई ते बोललो," ते म्हणाले. "पण सर, चारचौघात हे कबूल करायले लय मोठं काळीज लागते." दुसरे आले, तिसरे आले. देवमाणूस, असं कोणीतरी म्हटलं. असं भाषण लोणधरीत पुन्हा होणार नाही, असंही म्हटलं. सर "अहो नको, तसं नाही" म्हणत हात सोडवून घेऊ लागले, तर ती त्यांची नम्रता ठरली.

गर्दी पांगल्यावर ते नळाशी हातपाय धुवायला गेले. रागिणी तिथंच होती. आईच्या हातावर तिनं पाणी घातलं, मग स्वतःच्या. सरांनी मान वर करून तिच्याकडे पाहायला बराच वेळ घेतला.

"पॉज चांगला घेतला, सर," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून अकोल्याच्या गाडीसाठी निघून गेली.